तह झाला, तुम्ही अजून बुरुजावरच

प्रश्न : मी ३८ वर्षांचा. कॉलेजात असल्यापासून एक्सबॉक्सवाला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम खेळायच्या मशीनचा भक्त, आणि ३६० पासून सिरीज एक्सपर्यंत सगळी मशीन अजून घरात आहेत. धाकटा भाऊ पक्का प्लेस्टेशनवाला, म्हणजे सोनीच्या मशीनचा. आधी एका खोलीत आणि नंतर दोन वेगळ्या शहरांतून आम्ही यावरून भांडत आलो, बहुतेक वेळा मजेतच. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सची शान असलेला 'हेलो' हा गेम प्लेस्टेशनवर येणार अशी घोषणा झाली आणि त्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, 'दादाच्या एक्सबॉक्सला भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली सगळ्यांचे हसरे चेहरे. एका काकूंनी तर नीट न वाचता, कोण गेलं म्हणून घाबरून फोन केला. मी ग्रुप सोडला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. त्यात माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणतो, वाढदिवसाला प्लेस्टेशन हवं, सगळ्या मित्रांकडे तेच आहे. इतकी वर्षं मी चुकीच्या बाजूला उभं राहून मूर्ख ठरलो का? जुनं सगळं विकून मोकळं व्हावंसं वाटतं. – एक दादा

दादा,

काकूंचा फोन वाचून मला हसू आवरेना, हे आधीच कबूल करतो. मग हसू मावळलं, कारण ग्रुपमधून ताडकन उठून गेलेला हा माणूस माझ्या ओळखीचा निघाला. २००१ सालचा मीच तो.

मी सेगावाला. सेगा आणि निन्टेंडो म्हणजे तेव्हाच्या दोन भांडणाऱ्या गेम कंपन्या. आमच्याकडे सेगाचं मेगा ड्राइव्ह मशीन, मावसभावाकडे सुपर निन्टेंडो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, या न्यायाने त्याचा मारिओ ढोल्या आणि माझा सॉनिक वाऱ्यासारखा. पुढे मी सेगाचा नंतरचा ड्रीमकास्टही घेतला आणि ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं की तो आता बंद, यापुढे कंपनी फक्त गेम बनवणार, आणि तेही दुसऱ्यांच्या मशीनसाठी. वर्ष सरेपर्यंत सॉनिक निन्टेंडोच्या गेमक्यूबवर पळायलाही लागला. मावसभावाने टोमणा मारला नाही. त्याने फोन करून एवढंच विचारलं, "येतोस का खेळायला? तुझाच आहे." ते 'तुझाच आहे' मला असं झोंबलं की मी वर्षभर त्याच्या घराची पायरी चढलो नाही. चांगला घोडा झालो होतो आणि एका निळ्या कार्टूनवरून रुसून बसलो होतो.

तो ड्रीमकास्ट आजही माझ्या कपाटात आहे. त्याचं मेमरी कार्ड कंट्रोलरच्या पोटात बसतं. त्याला इवलासा पडदा असतो आणि आत नाण्याएवढे दोन सेल. सेल संपलेले असले की मशीन चालू करताक्षणी ते एक लांबलचक चिरकी शिटी मारतं. सेल कुठेही मिळतात, पण मी बदलत नाही. ती शिटी ऐकली की मला बरं वाटतं. तेव्हा विकून मोकळं होण्याविषयी माझं मत काय असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. त्याकडे पुढे येतो.

त्या बुडत्या जहाजावर एक खरा निष्ठावंत माणूस होता. इसाओ ओकावा, सेगाचे प्रमुख. कंपनीकडून येणं असलेलं कर्ज त्यांनी सोडून दिलं, स्वतःचे शेअरही देऊन टाकले, आणि मार्च २००१ मध्ये ते वारले. निष्ठा म्हणायची तर ती. तुमची-माझी ती हौस, आणि हौसेला मूर्खपणा म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

आता 'हेलो'. तुमचं दुखणं असं आहे की 'आपलं' होतं ते त्यांच्याकडे गेलं. जरा मागे जाऊन बघा. हा गेम जगापुढे पहिल्यांदा आणला स्टीव्ह जॉब्सने, जुलै १९९९ मध्ये, ॲपलच्या मंचावर, आणि तोही मॅकसाठी म्हणून. २००० साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी बंजी कंपनीच उचलली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पहिल्या एक्सबॉक्सबरोबर 'हेलो' बाहेर पडला. मॅकवाल्यांना तो मिळायला २००३ चा डिसेंबर उजाडला. म्हणजे ज्या दिवशी 'हेलो' तुमचा झाला, त्या दिवशी दुसरा कोणीतरी दादा कुठेतरी फुगून बसला होता. पुढे बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळी झाली, नाव आणि हक्क मात्र मायक्रोसॉफ्टकडेच राहिले. आणि २०२२ साली बंजी घेतली कोणी? सोनीने! आता पोरगी माहेरी चालली आहे म्हणा, हवं तर.

मग हे 'आपलं' आणि 'त्यांचं' येतं कुठून? ते बनवलं जातं. ज्यांना ते बनवण्याचा पगार मिळायचा, त्यांचं काम मी लहानपणी स्वतःच्या तोंडाने फुकट केलेलं आहे, म्हणून सांगतो.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत घरोघरी निन्टेंडो होता. सेगाच्या तिथल्या शाखेवर टॉम कॅलिन्स्के नावाचे गृहस्थ आले. त्यांनी मशीनची किंमत उतरवली, सॉनिक मशीनबरोबरच देऊन टाकला आणि जाहिरातींचा रोख सरळ निन्टेंडोवर धरला. निन्टेंडो म्हणजे बाळांचं, सेगा म्हणजे मोठ्या पोरांचं. त्यातच 'ब्लास्ट प्रोसेसिंग' नावाचं एक जादूचं यंत्र आमच्या मशीनमध्ये आहे असं सांगितलं गेलं. ते नेमकं काय करतं हे मला कधीच कळलं नाही, पण मी मावसभावाला ते अर्धा तास समजावून सांगितल्याचं पक्कं आठवतं. त्याला पटलंही होतं.

मग आला मॉर्टल कॉम्बॅट, मारामारीचा गेम. १३ सप्टेंबर १९९३ ला तो दोन्ही मशीनवर एकदमच उतरला. निन्टेंडोने रक्त काढून टाकलं होतं. ठोसा बसला की करड्या रंगाचे थेंब उडायचे आणि तो म्हणे घाम. सेगावर रक्त लपवलेलं होतं, पण सुरुवातीलाच एक क्रम दाबला की लालेलाल. ए, बी, ए, सी, ए, बी, बी. किल्ल्या कुठे ठेवल्या हे मला आठवत नाही, पण हे माझा अंगठा आजही न विचारता दाबून दाखवतो. मावसभावाकडचा घाम बघून मी त्याला जे हसलो, त्याच्यापुढे तुमच्या भावाची श्रद्धांजली म्हणजे काहीच नाही. सेगावाली आवृत्ती जास्त खपली. डिसेंबरात प्रकरण अमेरिकी सिनेटपुढे गेलं आणि तिथे निन्टेंडोचे हॉवर्ड लिंकन आणि सेगाचे बिल व्हाइट, सुटाबुटातले दोन मोठे पुरुष, लोकप्रतिनिधींच्या देखत एकमेकांची उणीदुणी काढत बसले. आम्ही मागच्या बाकावर करायचो तेच! त्यातून १९९४ साली गेमच्या डब्यावर वयाचा शिक्का आला. त्या भांडणाचं हेच एक फळ तुमच्या मुलाच्या उपयोगाचं आहे. गेम घेताना तो शिक्का बघत जा.

भावाच्या मशीनचा जन्मही रागातलाच आहे. १९९१ साली सोनीने निन्टेंडोबरोबर सीडीवर चालणारं मशीन काढतोय अशी घोषणा केली. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने सांगितलं की आमचा घरोबा फिलिप्सशी. भर मांडवात हे झाल्यावर सोनीतले केन कुतारागी इरेला पेटले आणि डिसेंबर १९९४ मध्ये प्लेस्टेशन आलं. मे १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनात सेगाने आपलं सॅटर्न ३९९ डॉलरला आजपासूनच विक्रीला आहे असं सांगून सगळ्यांना चकित केलं. सोनीची पाळी आली तेव्हा स्टीव्ह रेस व्यासपीठावर चढले, माईकपाशी '२९९' एवढा आकडा बोलले आणि खाली उतरले. सेगाची पडझड तिथून सुरू झाली असं मी मानतो. बाकीची कारणं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि त्यांचंही बरोबर असेल.

एवढी ईर्ष्या कशासाठी, तर मशीन विकून कंपनीला फार काही सुटत नाही, पुष्कळदा सुरुवातीला पदरमोडच होते. पैसा आहे तो त्या मशीनवर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यात. तुम्ही एकदा आत आलात की तुम्हाला दहा वर्षं आत ठेवणं, हा धंदा. कुंपणासाठी 'हेलो' मायक्रोसॉफ्टकडे, 'गॉड ऑफ वॉर' सोनीकडे. आणि कुंपणाची राखण करायला तुमच्यासारखे, माझ्यासारखे बिनपगारी पहारेकरी.

आता हा हिशोब उलटला आहे. मोठा गेम बनवायचा खर्च इतका चढलाय की तो एकाच मशीनच्या गिऱ्हाइकांकडून वसूल होणं कठीण. २०२४ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टने आधी चार गेम दुसऱ्यांच्या मशीनवर सोडायचं ठरवलं. ते खपले, मग फोर्झा गेला, गिअर्स गेला, आता 'हेलो'. सोनीचे काही गेमही काही काळाने कॉम्प्युटरवर आले, आणि 'हेलडायव्हर्स २' तर ऑगस्ट २०२५ मध्ये एक्सबॉक्सवर आला. खरं तर आतून ही मंडळी कधीच इतकी वेगळी नव्हती. तुमच्या ३६० चा प्रोसेसर आयबीएमने बनवला होता, आणि भावाच्या पीएस थ्रीच्या, म्हणजे तिसऱ्या प्लेस्टेशनच्या, प्रोसेसरमध्येही आयबीएमचा हात होता. २०१३ पासून दोन्हीकडची मुख्य चिप एएमडी या एकाच कंपनीची. २०१९ साली तर सोनीने आपल्या क्लाउड गेमिंगसाठी मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरबाबत करार केल्याचं दोघांनी मिळून जाहीर केलं. वरच्यांचा तह होऊन गेला, दादा. तुम्हाला दोघांना कळवायचं राहून गेलं.

आणि तुमचं ते पहिलं युद्ध, ३६० विरुद्ध पीएस थ्री? त्यावरून तुम्ही रात्री जागवल्या असतील. दोन्ही मशीन आठ कोटींच्या पुढे जाऊन जवळपास बरोबरीत थांबली. मधल्या काळात निन्टेंडोने ताकदीने दोघांपेक्षा कितीतरी कमी असलेला वी आणला आणि तो दहा कोटींच्या वर गेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. भावाला ही गोष्ट सांगा, आवडेल त्याला.

तर तुम्ही मूर्ख ठरलात का? ठरला नाहीत. बहुतेकांना एका वेळी एकच मशीन परवडतं. ते निवडलं की तेच बरं म्हणावं लागतं, नाहीतर रोज ते चालू करताना जीव हळहळतो. शिवाय तुमच्या त्या हट्टातून काही खरंखुरं मिळालंय. २०१३ साली एक्सबॉक्स वनच्या वेळी मायक्रोसॉफ्टने जुन्या डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावर बंधनं घालायचा बेत केला होता. सोनीने त्यावर अर्ध्या मिनिटाचीही नसलेली एक चित्रफीत काढली, 'प्लेस्टेशनवर गेम मित्राला कसा द्यावा'. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबी देतो, दुसरा थँक यू म्हणतो, संपलं. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने बेत गुंडाळला. समोर दुसरं दुकान नसतं तर गुंडाळला असता? मला नाही वाटत. तुमच्या ३६० वर खेळातल्या पराक्रमाबद्दल मिळणाऱ्या 'अचीव्हमेंट'ची नक्कल करून भावाला 'ट्रॉफी' मिळाल्या, त्या अशाच. अर्थात वाईट सवयीही उसन्या घेतल्या जातात. ऑनलाइन खेळायचे पैसे आधी तुमच्याकडे घेत, भावाकडे फुकट होतं. पीएस फोरपासून त्यालाही भरावे लागले.

मुलाचं उत्तर सोपं आहे. त्याला मित्रांबरोबर खेळायचंय, तुमचा किल्ला राखायचा नाहीये. पण खरेदीआधी त्याला बसवून विचारा की मित्र नेमकं काय खेळतात. उत्तर माइनक्राफ्ट किंवा रॉकेट लीग असेल तर नवीन मशीनची गरजच नाही, हे गेम क्रॉस-प्ले आहेत, तो तुमच्या सिरीज एक्सवरून त्यांच्यात जाऊ शकतो. आधी असं नव्हतं. सोनीने २०१८ च्या सप्टेंबरपर्यंत ते दार घट्ट लावून धरलं होतं. लोकांनी फोर्टनाइट या गेमवरून आरडाओरडा केल्यावर ते किलकिलं झालं, आणि माइनक्राफ्टसाठी २०१९ च्या डिसेंबरात उघडलं. आता प्लेस्टेशनवरून माइनक्राफ्टमध्ये दुसऱ्या मशीनवरच्या मित्राशी खेळायचं तर मायक्रोसॉफ्टचं खातं काढावं लागतं, कारण २०१४ पासून तो गेमच मायक्रोसॉफ्टचा आहे. कॉल ऑफ ड्युटीही २०२३ पासून त्यांचाच. म्हणजे तुमचा भाऊ गेली काही वर्षं प्लेस्टेशनवर बसून नेमाने एक्सबॉक्सवाल्यांचा गल्ला भरत असण्याची दाट शक्यता आहे. हे वाक्य मी तुम्हाला देतोय, पण वापरू नका. बरं, एकदा वापरा.

मुलाचे मित्र जे खेळतात ते खरोखर प्लेस्टेशनवरच असेल, तर घ्या. त्यात हरणं कसलं?

विकायचं मात्र मनातून काढा. स्टोअरमधून उतरवलेले गेम तुमच्या खात्याला चिकटलेले असतात, ते ना विकता येतात ना दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर नेता येतात. विकाल तो रिकामा डबा. ३६० चं ऑनलाइन दुकान तर २९ जुलै २०२४ ला कायमचं बंद झालंय, पण त्या काळातल्या पुष्कळशा गेमच्या डिस्क सिरीज एक्समध्ये घातल्या की अजून चालतात. भावाच्या पीएस थ्रीच्या डिस्क पीएस फाइव्हमध्ये चालत नाहीत. (हे सांगायचा मोह होईल. एक वाक्य दिलंय ना? पुरे.)

राहिला भाऊ. त्याने चारचौघांत चेष्टा केली हे चुकलंच, तुम्हाला ते लागलं यात गैर नाही. पण त्याच्या बाजूने एकदा बघा. वीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना असेच टोले देत आलात आणि दर वेळी पलीकडून टोला परत यायचा. या वेळी तो वाट बघत बसला आणि पलीकडून काहीच आलं नाही. माझा मावसभाऊ मला नंतर म्हणाला, "तू चिडून शिव्या घालशील असं वाटलं होतं. तू गप्पच झालास, तेव्हा मी घाबरलो." वर्ष गेलं होतं तोवर. त्याच्याकडे जाऊन मी सॉनिक खेळलो तेव्हा त्याने तो अर्धा पूर्ण करून ठेवला होता, आणि मला येत नव्हती ती पातळी त्याने, जन्माचा मारिओवाला, मला शिकवली. तोच माझा सॉनिक, आणि मला त्याच्याकडून शिकावा लागला.

घोषणा तुम्ही रागात अर्धीच वाचली असणार. हा नवा 'हेलो' म्हणजे २००१ च्या पहिल्याच कथेची नवी आवृत्ती आहे. २०२६ चा वायदा आहे, आणि त्यात चौघांपर्यंत मिळून ऑनलाइन कथा खेळता येईल असं सांगितलंय. एक्सबॉक्स, कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, कोणी कशावरूनही. म्हणजे तुम्ही तुमच्या घरी सिरीज एक्सवर, तो त्याच्या शहरात पीएस फाइव्हवर, आणि टोळी एकच. तुम्हाला त्याचा कोपरान् कोपरा पाठ असेल. त्याने तो एक्सबॉक्सचा म्हणून हट्टाने कधी हातात धरला नसेल. तेव्हा भावाला ग्रुपवर नको, वेगळा मेसेज करा. माफी मागू नका, मागायला लावू नका. इतकंच लिहा : "हेलो येतोय तर पहिल्यांदा माझ्याबरोबर खेळ. तो बीच आला की मी सांगेन तिकडेच गाडी घाल." पुढचं तो बघेल.

ग्रुपमध्ये परत घ्यायलाही त्यालाच सांगा. त्याआधी काकूंना मात्र एक फोन करून ठेवा. 'दादा परत आले' असं काहीतरी तो टाकणारच, आणि त्या पुन्हा घाबरतील.